वऱ्हाडचा कापूस व गांवच्या वह्या

आम्हां संग्राहकांची दृष्टि सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांवर स्वाभाविकपणेंच खिळलेली असते. दुकानदाराची रोजकीर्द किंवा अडत्याची खतावणी कोणी जपून ठेवीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं धामणगांव बढे येथील एका पडक्या माडीवरून लाल कापडांत बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा रद्दीच्या भावानें जातांना प्रस्तुत लेखकानें पाहिला. तो हस्तगत करण्यापूर्वींच गाडी निघून गेली. त्या दिवसापासून मनांत घोळत असलेला विचार येथें विद्वज्जनांपुढें मांडीत आहें.

प्रथम स्थलनिश्चय केला पाहिजे. धामणगांव बढे हें बुलढाणें जिल्ह्यांत मोताळें तालुक्यांत आहे. अमरावती जिल्ह्यांतील रेल्वेवरचें धामणगांव निराळें. जुन्या कागदांत नुसतें ‘धामणगांव’ असें लिहिलेलें असतें व दोन्ही गांवें कापसाच्या मुलखांतलीं, यामुळें घोटाळा संभवतो. आमच्या भागास जवळचें मोठें रेल्वे-ठाणें मलकापूर, आणि कापसाची मोठी पेठ खामगांव, हें लक्षांत ठेवावें.

इ. स. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढें आठच वर्षांनीं, १८६१ मध्यें, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेंतून येत असे. तो थांबतांच भाव भडकले आणि मुंबईंत सट्ट्याची लाट उसळली. १८६५ मध्यें युद्ध संपतांच ती ओसरली व कित्येक पेढ्या बुडाल्या. परंतु या चार वर्षांत एक गोष्ट कायमची झाली. वऱ्हाडच्या बाजाराचा भाव समुद्रापलीकडील घडामोडींशीं बांधला गेला. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० मध्यें जलंबहून खामगांवास फांटा आला, व त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उपस्थित राहिले. तारायंत्रामुळें लिव्हरपूलचा भाव व्यापाऱ्यास झपाट्यानें कळूं लागला. शेतांत उभ्या असलेल्या कास्तकारास तो केव्हां व किती खरा कळे, हा प्रश्न मात्र निराळा.

आतां मुख्य वादाकडे वळूं. वऱ्हाडांत कपाशीचीं दोन बियाणीं विशेष प्रसिद्ध होतीं. ‘बनी’चा धागा लांब व मऊ असे, ‘जरी’चा आखूड व खरबरीत. इंग्रज अधिकाऱ्यांचा, विशेषतः कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांचा, कल बनीच्या बाजूस होता, कारण लँकेशायरला लांब धागा हवा होता. तरी पुढील चाळीस-पन्नास वर्षांत जरीनें बनीस जवळजवळ हुसकून लावलें. याचें खापर सरकारी लेखनांत बहुधा कास्तकाराच्या आळसावर व अडाणीपणावर फोडलेलें आढळतें. आमच्या मतें हा निर्णय एकतर्फी आहे. बनीच्या कापसांतून रुई पाव भागाच्या आसपास निघे, जरींतून सुमारें एक तृतीयांश. शिवाय जरी लवकर हातीं येई. बनीच्या धाग्याबद्दल मिळणारा चढा भाव ही तूट भरून काढण्यास पुरेसा होता काय, हा हिशेब ज्यानें केला त्यास अडाणी म्हणतां येणार नाहीं. कापसांत पाणी मारणें, सरकी मिसळणें असे प्रकार होत, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु बियाणें बदलणें व लबाडी करणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

जरीस गिऱ्हाईक कोण होतें, हें पाहिलें म्हणजे कोडें उलगडतें. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाल्यावर युरोप खंडांतील गिरण्या आमचा आखूड धागा घेऊं लागल्या. रॅली ब्रदर्स व फोल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्या आंत मुलखांत येऊन खरेदी करूं लागल्या. १८७७ मध्यें जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईच्या गिरण्या जाडें सूत काढून चीनला पाठवीत. त्यांच्याशीं स्पर्धेस जपान उभा राहिला, व तोहि आमच्याच कापसावर. निरनिराळे कापूस कौशल्यानें मिसळून स्वस्त रुईंतून चांगलें सूत काढणें ही जपानी गिरण्यांची विद्या होती. १८९३ मध्यें टाटा व निप्पॉन युसेन कैशा यांनीं मुंबई-जपान जलमार्ग उघडतांच पी. अँड ओ. कंपनीनें दर पाडून त्यांस चिरडण्याचा यत्न केला. टाटांच्या बोटी फार काळ टिकल्या नाहींत. जपानी मार्ग मात्र टिकला. म्हणजे वऱ्हाडचा कापूस एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचें अन्न होता.

अशा आश्रयांत धोकाहि असतो. १९३३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढवितांच जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या करारांत दहा लक्ष गांठी कापसाच्या मोबदल्यांत साडेबत्तीस कोटी वार कापड, असें गणित बसलें तेव्हां पेच सुटला. ओसाका व सिमला यांच्या या द्वंद्वांत आखूड धाग्याचा कास्तकार मधल्यामध्यें भरडला गेला, आणि त्याच्या तर्फेनें बोलणारा कागद कोणत्याहि दप्तरांत सहजीं सांपडत नाहीं.

तो कागद वह्यांत आहे. सरकारी अहवाल जिल्ह्याची सरासरी देतो. वही एका घराचा एका दिवसाचा भाव देते. बियाण्याचें नांव, वजनाचें माप, आगाऊ दिलेली रक्कम व व्याज, माल कोणास विकला, हें सर्व जुळवून पाहिल्यावांचून बनीचा ऱ्हास कास्तकाराच्या हिशेबामुळें झाला कीं सावकाराच्या दडपणामुळें, हें ठरणार नाहीं. आमचें वरील मतहि तोंवर अनुमानच समजावें. मराठी दुकानांच्या वह्या मोडींत, मारवाडी दुकानांच्या महाजनींत. कोठें शक, कोठें फसली, कोठें संवत. म्हणून हें काम पोथी लावण्याइतकेंच शास्त्रशुद्ध तयारीचें आहे.

आज वऱ्हाडच्या शेतांत बहुतेक अमेरिकन जातीचे संकरित वाण दिसतात. २००२ पासून बीटी बियाणें आलें. बनी व जरी हे शब्दहि बोलण्यांतून जात आहेत. वाळवी व रद्दीवाला या दोघांच्या आधीं आपण पोंचलें पाहिजे. ज्या सज्जनांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या क्षुल्लक मानूं नयेत. निदान गांव, दुकान, सन व लिपि यांची टांचणी करून मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती आहे.