तासाच्या दरावरून वार्षिक वेतन

तासाप्रमाणे ठरलेल्या मजुरीवरून वर्षभराच्या वेतनाचा आकडा काढण्याची रीत. तासाचा दर वर्षातील पगारी तासांनी गुणला की वार्षिक वेतन मिळते. गुणाकार सोपा आहे. पगारी तास किती धरायचे, हा त्यातला खरा प्रश्न.

भारतातील हिशेब : कारखाने अधिनियम, 1948 ने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. रोज आठ तास, सहा दिवस आणि एक साप्ताहिक सुट्टी असे धरले, तर 52 आठवड्यांचे 2,496 तास होतात. साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिना 26 दिवसांचा धरण्याच्या रूढ पद्धतीनेही (26 × 12 × 8) नेमके तेवढेच तास येतात. ग्रॅच्युइटीसाठी महिना 26 दिवसांचा धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात 1980 मध्ये मान्य केले. 1987 च्या दुरुस्तीने ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही आले.

उदाहरण : तासाला 75 रुपये दर असल्यास रोज 600, महिना 15,600 आणि वर्षाला 1,87,200 रुपये होतात. तोंडी अंदाजासाठी दराला 2,500 ने गुणावे. येथे उत्तर 1,87,500 येते, म्हणजे फरक अवघ्या 300 रुपयांचा.

उलटा हिशेब : मासिक पगारावरून तासाचा दर काढताना भाजकाला फार महत्त्व येते. वरील 15,600 रुपयांना 26 ऐवजी 30 ने भागले, तर रोज 520 आणि तासाचा दर 65 रुपयांवर उतरतो. कारखाने अधिनियमाने जादा कामाची मजुरी दुप्पट दराने देणे बंधनकारक केले. म्हणून चुकीच्या भाजकामुळे जादा कामाच्या प्रत्येक तासामागे 150 ऐवजी 130 रुपये, म्हणजे 20 रुपये कमी पडतात. आपला दर कोणत्या भाजकाने काढला आहे, हे कामगाराने पगारपत्रकावरून ताडून पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

अमेरिकेतील हिशेब : तेथे 40 तासांचा आठवडा धरून 2,080 तास मोजतात. 2009 पासून लागू असलेल्या 7.25 डॉलर या संघीय किमान दराने वार्षिक वेतन 15,080 डॉलर होते. संघीय कर्मचाऱ्यांच्या वार्षिक पगारावरून तासाचा दर काढताना मात्र 2,087 हा भाजक वापरतात. वर्षात कामाचे दिवस कधी 260, कधी 261 किंवा 262 येतात. 28 वर्षांच्या कालचक्रावर त्यांची सरासरी काढून हा आकडा ठरवला आहे.

मर्यादा : भरपगारी रजेचे तास गुणाकारात राहतात, बिनपगारी रजेचे वजा होतात. रोजंदारीवरच्या माणसाचा एक खाडा म्हणजे आठ तासांची मजुरी गेली. महिन्याला 20 दिवसच काम मिळाले, तर 600 रुपये रोजाने वर्षाचे 1,44,000 रुपयेच हाती येतात. ग्रामीण रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली होती. अशा ठिकाणी हमीचे उत्पन्न काढताना रोजाला 312 ने नव्हे, तर 100 ने गुणावे लागे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या दराला 2,496 ने गुणून त्याचे वार्षिक उत्पन्न सांगणे हे त्याच्या रिकाम्या दिवसांवर अन्याय करणारे आहे. त्याच्या बाबतीत आधी हजेरीचे दिवस मोजावेत, मग दर लावावा.