जुन्या तबकड्या, नवा मुलामा

महालातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात वडिलांच्या साठेक रेकॉर्डी होत्या, सगळ्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. १९९७ साली मी जुन्या नाट्यपदांचा एक सीडी-संच घेतला. खरखर काढून ध्वनी नव्याने सिद्ध केला आहे, अशी ग्वाही वेष्टनावर होती. ऐकून मी हरखलो आणि त्याच दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी कबाडीवाल्याच्या ठेल्यावर चढवली. वडील तोवर गेले होते. आई एवढेच म्हणाली, ‘विचार करून दे बरं.’ जुनी गाणी ‘रिमास्टर’ करून पुन्हा काढतात, ती घ्यावीत का, असे आता कुणी विचारले की मला आधी ती पेटी आठवते.

आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रे घेऊन आला आणि त्याच्यापुढे गौहर जान गायली. मायक्रोफोन नव्हताच. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. मेणाचे साचे बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथून रेकॉर्डी छापून येत. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाल्यावर ही वारी थांबली. त्या काळच्या अनेक रेकॉर्डींच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतो. ते रसिकांसाठी नव्हते. तिकडच्या कारागिरांना साचा कोणाचा हे कळावे म्हणून ती सोय होती, असे सांगतात. नव्या आवृत्त्यांत हे पुकारणे कित्येकदा कापलेले आढळते. संगीत नव्हे म्हणून कापले असेल. इतिहास मात्र होता.

खरखरीचेही असेच. पळस-कुसुमावरची लाख, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलातही मिळते तीच, आणि तिच्यात दगडाची बारीक पूड. पोलादी पिन खोबणीत घासून नीट बसावी म्हणून ही पूड मुद्दाम घालत. खरखर त्या घासण्याची. म्हणजे ती वस्तूच्या घडणीतच आहे, आणि गायकाच्या ‘स’, ‘श’, ‘छ’ या अक्षरांचा सळसळाट नेमका त्याच वरच्या पट्ट्यात असतो. संगणकाने खरखर पार पुसली की ही अक्षरे बोथट होतात. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण आले, तेव्हापासून तंबोऱ्याचा झंकार बरा उमटू लागला. पुसण्यात तोही जातो. मग गायक गादी भरलेल्या खोलीत बसून गातोय असे वाटते. माझ्या त्या संचात हेच झाले होते आणि मी त्यालाच स्वच्छता समजत होतो.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि तिथे मी सपशेल तोंडघशी पडलो.

‘७८ फेऱ्या’ हा आकडा फार उशिरा पक्का झाला. सुरुवातीच्या काळात मुद्रणयंत्र कधी ७४ ने फिरे, कधी ८० च्या वर. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली रेकॉर्ड ७८ वर लावली, तर स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि ३ मिनिटे २० सेकंदांचे पद १० सेकंद आधीच संपते. मी त्या संचावरून एका नटगायकावर निबंध लिहिला (नाव देत नाही, चूक माझी, त्याची नव्हे). तरुणपणी तो काळी चारमध्ये गात होता, वीस वर्षांनी पांढरी पाचला उतरला, असा माझा सिद्धान्त. धंतोलीतल्या एका छोट्या बैठकीत तो वाचला. मागे बसलेले एक वृद्ध ऑर्गनवादक म्हणाले, ‘पहिलं पद पुन्हा लावा बरं.’ ऐकून म्हणाले, ‘भाऊ, ही काळी चार नाही. थोडी खाली आहे. अशी पट्टी कोणत्या पेटीवर असते?’

मग अकोल्याच्या एका संग्राहकाकडे तीच रेकॉर्ड मिळाली. वेग बदलता येणाऱ्या तबकडीयंत्रावर ती ७४ पर्यंत आणली आणि ऑर्गन पांढरी पाचवर अलगद येऊन बसला. गडबडीची वाटणारी तान निवांत झाली, तबल्याचे बोल सुटे झाले. ऑर्गन मुळातच थोडा उतरलेला असू शकतो, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर मी विसंबलो नाही; त्याच बैठकीत मुद्रित झालेल्या, साच्याचा क्रमांक लगतचा असलेल्या आणखी दोन बाजू ताडून पाहिल्या. निकाल तोच. गायक कुठेच उतरला नव्हता. दोन्ही वेळा पांढरी पाच.

साच्याचे क्रमांक जुळवायला ज्या याद्या लागतात, त्या मायकेल किनियर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि १९९० पासून मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने जमवल्या आहेत. सुरेश चांदवणकरांचे लेखन वाचलेले नसते, तर रेकॉर्डीच्या मधल्या कोऱ्या भागावर काही कोरलेले असते हेही मला कळले नसते.

नवी आवृत्ती नेहमीच वाईट, असे मी म्हणत नाही. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे उदाहरण घ्या. १९५९ साली मुद्रणाच्या वेळी टेपयंत्र हळू चालल्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर चढ्या स्वरात गेली. तेहतीस वर्षे जगाने ती तशीच ऐकली. १९९२ च्या आवृत्तीत राखीव टेपवरून वेग दुरुस्त झाला. तिथे नवी आवृत्तीच खरी. बीटल्सची गाणी २००९ साली नव्याने निघाली, तेव्हा स्टिरिओबरोबर मोनोचा संचही काढला, म्हणजे ताडून पाहण्याची सोय ठेवली. आपल्याकडच्या किती वेष्टनांवर कोणती प्रत वापरली, कितीच्या वेगाने वाजवली, एवढे तरी असते? १९७७ साली व्हॉयेजर यानांतून केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली. त्या सोनेरी तबकडीच्या झाकणावर एका फेरीला किती वेळ लागावा, म्हणजे ३.६ सेकंद, हे हायड्रोजनच्या अणूच्या मापात कोरून दिले आहे. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याला जी माहिती द्यावीशी वाटली, ती नागपूरच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी सांगतो, दोन आवृत्त्या समोर असतील तर जास्त खरखरणारी घ्या. वेग चुकला असेल तर तो घरच्या संगणकावरही सुधारता येतो. पुसलेला ‘श’ परत आणता येत नाही. मूळ प्रत जवळ असेल, तर नव्या आवृत्तीपायी ती घराबाहेर काढू नका.

वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनला वेगाचा एक छोटा खटका होता. प्रत्येक रेकॉर्ड लावल्यावर ते कान देऊन तो किंचित इकडे-तिकडे सरकवत, मग म्हणत, ‘हं, आता माणूस गातोय.’ तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटे. त्या पेटीतल्या एकोणीस रेकॉर्डी आतापर्यंत दुसरीकडून मिळाल्या. वडिलांच्या वहीत यादी आहे, तिच्यावर खुणा करत असतो.