शाळांतील नेमलेलीं पुस्तकें आणि समर्थांचें वाङ्मय

इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठीं प्रसिद्ध केला. तिसरी ते पांचवीच्या मुलांनीं मनाच्या श्लोकांपैकीं पहिले पंचवीस, सहावी ते आठवीच्या मुलांनीं पुढचे पंचवीस, व त्यावरील वर्गांनीं भगवद्गीतेचा बारावा अध्याय पाठ करावा, अशी सूचना त्यांत होती. त्याच मसुद्यांत मनुस्मृतींतील एक श्लोक घेतल्यामुळें मोठें वादळ उठलें, आणि त्या धुळींत मनाच्या श्लोकांची चर्चा जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाहीं. एक पक्ष म्हणाला, संस्कारांसाठीं ते हवेत. दुसरा म्हणाला, धर्मनिरपेक्ष शाळेंत ते नकोत. हे श्लोक मुलांच्या मुखीं मुळांत कसे आले व कशासाठीं आले, हें पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेतल्याचें दिसत नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

ज्या जांब गांवीं शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ त, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं समर्थांचा जन्म झाला, तें गांव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत आहे. इ. स. १९८१ च्या १ मे पर्यंत हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

मनाचे श्लोक २०५ आहेत. रामनवमीच्या उत्सवासाठीं भिक्षेस निघालेल्या शिष्यांनीं दारोदार म्हणावे म्हणून ते रचले गेले, असें सांप्रदायिक परंपरा सांगते. परंपरेचा तपशील कोणी मानो वा न मानो, रचनेवरून एवढें स्पष्ट आहे कीं हे बोल दारांत उभें राहून मोठ्यानें म्हणण्याचे आहेत. वृत्त भुजंगप्रयात, प्रत्येक चरणांत चार यगण, अक्षरें बारा. लघूमागून दोन गुरु ही चाल इतकी नियमित आहे कीं ज्यास लिहितां येत नाहीं असें पांच वर्षांचें मूलही ती दोन दिवसांत उचलतें. पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवर अक्षर गिरवून झालें, पावकी-निमकी म्हणून झाली, कीं संध्याकाळीं रामरक्षेबरोबर हे श्लोक म्हणविले जात, त्याचें कारण प्रथम वृत्तांत आणि मग अर्थांत शोधलें पाहिजे. पुस्तकें दुर्मिळ असतां कंठ हेंच पुस्तक होतें. युरोपांतही कॅटोच्या नांवावर चालणारीं लॅटिन नीतिवचनें, दोन दोन ओळींचीं, कित्येक शतकें पोरांकडून अशींच घोकून घेत असत.

परंतु पंतोजी सगळे २०५ क्वचितच म्हणवून घेत. पूर्वार्धांत आचार, नामस्मरण, क्रोधलोभांचा त्याग हे विषय आहेत. पुढें पुढें प्रकरण ब्रह्मनिरूपणांत शिरतें, आणि तेथें शिक्षकाचीच दमछाक होते. नव्या मसुद्यानें पन्नासावर रेघ ओढली तीही कांहीं नवी युक्ति नव्हे.

छापील पुस्तकांचा इतिहास निराळा आहे. मुंबई इलाख्यांत सरकारी आश्रयानें जीं पहिलीं मराठी वाचनाचीं पुस्तकें झालीं त्यांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीति' हीं इ. स. १८२८ चीं दोन प्रमुख. दोन्ही भाषांतरित. म्हणजे मराठी मुलानें छापील अक्षरांत जें प्रथम वाचलें त्यांतील कोल्हा ग्रीसचा आणि शहाणीं मुलें फ्रान्सचीं होतीं! मेजर कॅंडी यांच्या देखरेखीखालीं भाषा शुद्ध झाली, पण जुनी कविता शाळेंत मानानें आली ती परशुरामपंततात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'मुळें, इ. स. १८५४ त. त्याच वर्षीं विलायतेहून वुडचा शिक्षणविषयक खलिता आला, व सरकारी शाळांतील शिक्षण धर्माच्या बाबतींत तटस्थ असावें हें धोरण पक्कें झालें. या धोरणाखालीं समर्थ टिकले ते वेंच्यांच्या रूपानें. दासबोधाचे २० दशक व २०० समास. त्यांतून शाळेच्या पदरीं मूर्खलक्षणें आलीं, कारण मुलें त्यांस हंसतात आणि सरकारास त्यांत धर्म दिसत नाहीं. या निवडीनें समर्थ म्हणजे केवळ चिडून बोलणारे उपदेशक अशी जी समजूत पिढ्यान् पिढ्या झाली, तिला वेंचे काढणारे जबाबदार आहेत.

हें सर्व इलाख्यांत. जांबच्या बाजूस याहून वेगळें घडत होतें. हैदराबाद संस्थानांत माध्यमिक शिक्षण उर्दूंतून होई, आणि इ. स. १९१८ त स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें तें वरपर्यंत तसेंच नेलें. हैदराबादची विवेकवर्धिनी (इ. स. १९०७) किंवा औरंगाबादची सरस्वती भुवन (इ. स. १९१५) यांसारख्या संस्था झगडत होत्या, पण खेड्यांतील मुलास त्या दूर होत्या. तेव्हां सातारच्या मुलास दासबोध परीक्षेच्या पुस्तकांत भेटत असतां, समर्थ जेथें जन्मले त्या प्रांतांतील मुलास तो भेटे घरांत, मठांत, सप्ताहांत. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत परांड्याजवळ डोमगांवच्या मठांत, म्हणजे मराठवाड्यांतच, राहिली होती. ती पाहून धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ग्रंथ छापला. ग्रंथ जपणारा प्रांत एक व तो नेमणारा दुसरा, ही विसंगति इ. स. १९६० नंतर मिटली, आणि इ. स. १९६७ त पाठ्यपुस्तक मंडळ निघाल्यावर जांब व सातारा यांच्या दप्तरांत एकच पुस्तक आलें.

आतां मुख्य प्रश्न. कोणता ग्रंथ वाचावा याविषयीं स्वतः समर्थांचें मत उपलब्ध आहे, आणि या वादांत तें कोणी पुढें आणलें नाहीं याचें नवल वाटतें. दासबोधाच्या पहिल्याच समासांत त्यांनीं आपल्या आधारग्रंथांची यादी दिली आहे. तींत भगवद्गीतेबरोबर शिवगीता, अवधूतगीता, हंसगीता, उपनिषदें, भागवत इतके आहेत. एकाच पोथीवर भागणारा हा वाचक नव्हे. सातव्या दशकाच्या नवव्या समासांत ग्रंथ कशास म्हणावें याची कसोटी सांगितली आहे: केवळ फळाचें आमिष दाखविणारें, पण वाचून मनांत पालट न करणारें पुस्तक त्यांच्या लेखीं ग्रंथच नव्हे. पंचवीस श्लोक बक्षिसासाठीं म्हणून दाखविण्याची स्पर्धा या कसोटीस कितपत उतरेल, वाचकांनींच ठरवावें. आणि समर्थ नुसते सांगणारे नव्हते. त्यांच्या हातचें म्हणून मानलेलें वाल्मीकि रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत आहे. ज्यानें एवढा ग्रंथ अक्षर अक्षर उतरला, त्यास वाचणें म्हणजे काय हें ठाऊक होतें.

म्हणूनच शाळेसाठीं माझी पहिली पसंती एकोणिसाव्या दशकांतील लेखनक्रियानिरूपणास आहे. बरू कसा असावा, अक्षर वाटोळें व मोकळें कसें राखावें, खालच्या-वरच्या ओळींचे काने-मात्रा एकमेकांस भिडूं देऊं नयेत, पानाच्या कडा सोडाव्यात, तरुणपणीं फार बारीक लिहूं नये कारण म्हातारपणीं तें वाचवत नाहीं: इतकी नेमकी माहिती देणारें लेखन जुन्या मराठींत विरळा. सहावीच्या मुलास हें समजतें, आणि वाचतां वाचतां तें आपल्या वहीकडे पाहूं लागतें.

पण या समासाचा आरंभच अडचणीचा आहे. सुंदर बाळबोध अक्षर काढण्याची आज्ञा तेथें ब्राह्मणास केली आहे. पांचव्या दशकाच्या आरंभीं तर ब्राह्मण सर्वांचा गुरु असें विधान आहे. जांबच्या शाळेंत आज जीं मुलें बसतात त्यांतील बहुतेकांस या पहिल्या शब्दानें दाराबाहेर ठेवलें आहे, हें कोणत्याही प्रामाणिक शिक्षकास दिसेल. यावर दोन सोपे उपाय आहेत व दोन्ही वाईट आहेत. एक, तो शब्द गुपचूप बदलणें. पाठ बिघडविण्याचा हा अपराध आपल्या शास्त्रांत अक्षम्य आहे. दुसरा, सबंध ग्रंथच दूर ठेवणें. त्यानें ज्या मुलाच्या आज्यास अक्षर नाकारलें गेलें त्यास, अक्षर कसें काढावें हें सांगणारें पानही नाकारलें जाईल. मला वाटतें, खालच्या वर्गांत मधल्या ओव्या, गाळलें आहे असें उघड सांगून द्याव्यात; नववीच्या पुढें समास पूर्ण छापावा, आणि सतराव्या शतकांत लेखणी कोणाच्या हातीं होती व एकोणिसाव्यांत ती इतरांच्या हातीं कशी आली, हें त्याच पाठाखालीं द्यावें. इ. स. १८४८ त पुण्यास जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली, ही गोष्ट त्या टिपणांत आली म्हणजे पाठ पुरा होईल.

त्याला जोडून मिरजेच्या वेणाबाईचें सीतास्वयंवर नेमावें. बालविधवा, समर्थांची शिष्या, मठाची अधिकारी आणि कवयित्री, इतकें एका व्यक्तींत असतां तिचें नांव पदवीपर्यंत शिकलेल्यांसही ठाऊक नसतें. मनाचे श्लोक हवे असल्यास वृत्त शिकवितांना घ्यावेत. यगण फळ्यावर मांडावा, मुलांनीं टाळी धरून म्हणावें, ज्यास पाठ होतील त्यास होवोत. त्यावर गुण देऊं नयेत.