मोटार चालू न झाल्यास: निदानविद्येची हकीकत

उमरी हें मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड व धर्माबाद यांच्यामधील गांव. या मुलुखांत आगगाडी आधीं आली, मोटार मागाहून. 1932 सालीं निजामाच्या राज्यांत सरकारी बससेवा 27 गाड्यांनिशीं निघाली, तीहि रेल्वेच्याच हाताखालीं. आगगाडीच्या पाठीशीं कारखाने व कारागीर असत. आडरस्त्यावर मोटार अडली म्हणजे मात्र सारा भार एकट्या चालकावर पडे.

त्या काळीं यंत्र चालू करावयाचें तें पुढून हँडल फिरवून. ठिणगी वेळेआधीं पडली तर यंत्र उलट फिरून हँडल असा हिसडा मारी कीं मनगट मोडे. म्हणून ठिणगीची वेळ अगोदर मागें घेणें व आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवणें, हा नवशिक्याचा पहिला धडा. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाडींत बसला. तरी हँडल पुढें कित्येक वर्षें गाडीबरोबर राहिलें, आणि तें बरेंच झालें. कारण निदानाचेंहि तें साधन होतें. फिरवितांना ठराविक अंतरानें दाब लागला तर सिलिंडर शाबूत. सैल फिरलें तर व्हॉल्व्हांत किंवा पिस्टनच्या कड्यांत दोष. वैद्यास नाडी कळावी तसें हें हातास कळे.

मग ठिणगी पाहावयाची. प्लगची तार लोखंडापासून किंचित् दूर धरली असतां निळी, जोरकस ठिणगी उडाली तर वीज ठीक. क्षीण दिसली तर संशय कॉन्टॅक्ट पॉइंटांवर, पावसाळ्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांतील ओलीवर. ठिणगी चांगली असूनहि यंत्र पेटेना, तर प्लग काढून पाहावा: कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं, भिजलेला असल्यास तें अति झालें. घाईनें चोक ओढून ओढून यंत्र पेट्रोलांत बुडविणारे चालकच अधिक!

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें व हिंदुस्थानांत कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालूं लागल्या. तेथें प्लगाच्या आधीं भट्टी तपासावी लागे. वायु नीट पेटतो कीं नाहीं, सांध्यांतून हवा शिरते काय, गाळणींत राख साचली काय.

नव्या मोटारींतून कार्बुरेटर गेला. 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत संगणक स्वतःच दोषाचा क्रमांक नोंदवितो. पण क्रँकच्या सेन्सरचा क्रमांक दिसला तरी सेन्सर बिघडला आहे, कीं त्याची तार उंदरानें कुरतडली आहे, हें मेकॅनिकास बॉनेट उघडूनच पाहावें लागतें.