शिकारी कोळ्यांचे नामकरण

जाळे न विणता धावून भक्ष्य पकडणाऱ्या हंट्समन कोळ्यांपैकी उष्ण प्रदेशांतील घरांच्या भिंतींवर दिसणारी प्रजाती लिनियसने 1767 मध्ये ‘अरानिया व्हेनाटोरिया’ या नावाने नोंदवली, तेव्हा दोन-चार ओळींचे लॅटिन वर्णन पुरेसे मानले जाई. मात्र रंग आणि आकार फसवे ठरत असल्याने पुढे अभ्यासकांनी जननेंद्रियांवर, म्हणजे नराच्या तोंडाजवळील, वीर्य वाहून नेणाऱ्या स्पर्शपादांच्या टोकांवर आणि मादीच्या पोटाखालील कठीण पट्टिकेवर भिस्त ठेवली. 2001 मध्ये पीटर येगर यांनी लाओसमधील ‘हेटेरोपोडा मॅक्सिमा’चे वर्णन केले; पायांचा पसारा सुमारे 30 सेंटिमीटर असलेला कोळी तोवर विज्ञानाच्या नजरेतून निसटावा, हे नवलच. अशा वर्णनाचा आधार असतो नामधारक नमुना, म्हणजे प्रजातीचे नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते, तो मद्यार्कात जपलेला एकच कोळी.