दिवे किती, आणि एका वेळी किती

पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्या आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना हॉपकिन्सन माहीत असतो तो लॅबमधून. दोन सारखी डीसी मशिनं एकमेकांना जोडायची, एकीने दुसरीला फिरवायचं, दुसरीने पहिलीला वीज द्यायची, आणि बाहेरून फक्त तोटा भरून निघेल एवढीच वीज घेऊन पूर्ण लोडची चाचणी उरकायची. जर्नलमध्ये आकृती काढली, सही घेतली, की हॉपकिन्सन संपला. माझ्या पोटापाण्याच्या हिशेबाची सुरुवातही याच माणसाने केली, हे मला कंत्राटदाराचं लायसन्स मिळून बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

नोव्हेंबर १८९२ मध्ये लंडनच्या ज्युनियर इंजिनिअरिंग सोसायटीसमोर जॉन हॉपकिन्सनने अध्यक्ष म्हणून भाषण केलं. विषय होता वीज पुरवण्याचा खर्च. त्याचं म्हणणं असं: गिऱ्हाइकाचा दिवा वर्षात दहा तास जळो की हजार तास, तो कधीही लागू शकतो म्हटल्यावर त्याच्या वाट्याचं बॉयलर, इंजिन, डायनामो आणि रस्त्याखालची तांब्याची तार तयार ठेवावीच लागते. हा खर्च युनिटांवर ठरत नाही, त्या माणसाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावर ठरतो. कोळसा तेवढा युनिटांप्रमाणे जळतो. तेव्हा बिलाचे भागही दोन हवेत. आज दुकानाच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ अशा दोन ओळी दिसतात, त्या याच भाषणापासून निघालेल्या आहेत. हॉपकिन्सनला स्वतःला पुढचं फारसं बघायला मिळालं नाही. १८९८ मध्ये आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना तो आणि त्याची तीन मुलं एकाच अपघातात गेली.

एका वेळी जास्तीत जास्त किती, हे मोजायचं कसं हा प्रश्न उरलाच होता. तो सोडवला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन गावातल्या आर्थर राइटने. तिथल्या नगरपालिकेच्या वीजपुरवठ्याचा हा इंजिनिअर. त्याचं यंत्र मला फार आवडतं, कारण त्यात एकही चाक नाही. काचेची वाकवलेली बंद नळी, तिच्यात द्रव, आणि एका टोकाच्या हवेच्या फुग्याभोवती गुंडाळलेली तार. गिऱ्हाइकाचा करंट त्या तारेतून जातो, तार तापते, आतली हवा फुगते आणि द्रवाला पलीकडे ढकलते. जितका ढकलला जाईल तितका द्रव बाजूच्या बारीक नळीत सांडतो. एकदा सांडला की परत येत नाही. महिन्याने माणूस येऊन नळीवरचा आकडा टिपतो, नळी तिरकी करून द्रव जागेवर आणतो आणि जातो. हवा तापायला वेळ लागत असल्याने क्षणभराच्या उडीला हे यंत्र दादच देत नाही. गिऱ्हाइकाने थोडा वेळ टिकवून ओढलेली वीज तेवढी नोंदते. पुढे आलेल्या चाकांच्या मीटरांनी हीच गोष्ट अर्ध्या तासाची सरासरी काढून केली. काटा एका सुईला पुढे ढकलायचा, अर्ध्या तासाने काटा मागे यायचा आणि सुई तिथेच राहायची. रीडर आला की सुई शून्यावर आणून सील मारायचा.

१८९४ मध्ये शिकागो एडिसन कंपनीचा प्रमुख सॅम्युअल इन्सल ब्रायटनला गेला होता. मूळचा लंडनचा, आधी एडिसनचा सेक्रेटरी. ब्रायटनच्या लहानसहान दुकानांतही विजेचे दिवे बघून त्याने चौकशी केली आणि राइटची पद्धत शिकागोला नेली. तिच्यातून त्याच्या हाती एक गोष्ट लागली, ती मला बिलापेक्षा मोलाची वाटते. शिकागोतल्या घरांच्या एका ब्लॉकचा हिशेब तो सांगत असे. सगळ्यांची गरज वेगवेगळी मोजून बेरीज केली तर ६८.५ किलोवॅट येत होती, आणि सगळ्यांची मिळून एका वेळची सर्वात मोठी मागणी निघाली २० किलोवॅट. पाचशे पानांचं आमंत्रण असलं तरी पंगत शंभराचीच बसते, आणि आचारी भांडी पंगतीच्या हिशेबाने मांडतो. इन्सलने ही पंगत ओळखली आणि संध्याकाळच्या दिव्यांच्या जोडीला दिवसा वीज खाणारी गिऱ्हाइकं शोधली: ट्राम, लिफ्ट, कारखाने.

मुंबईत दिव्यांची पहिली हौस १८८२ मध्येच झाली होती. क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळलं, पण कंपनी वर्षभरात बुडाली. पुढच्या खेपेला, १९०५ मध्ये, जी कंपनी आली तिच्या नावातच सप्लाय आणि ट्रामवे दोन्ही होते. वाडीबंदरला तिचं पॉवर हाउस उभं राहिलं आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. रस्त्यावर दिवसभर गाड्या, संध्याकाळी दिवे. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीहून वीज आणली ती आधी गिरण्यांसाठी. या मंडळींनी गिऱ्हाईक निवडताना घड्याळ बघितलं होतं, असं मला तरी वाटतं.

आमच्या घरात हे घड्याळ आलं अण्णांबरोबर. ते पुण्यात वायरिंगची कामं घेत, केसिंग-कॅपिंगच्या काळापासून. लक्ष्मी रोडच्या आसपास खाली दोन दुकानं, वर दवाखाना नाहीतर शिकवणी, त्यावर मालक, अशा इमारती हे त्यांचं राज्य. हिशेब पॉइंटवर चाले. दिव्याचा पॉइंट ६० वॅट, पंख्याचा ६०, पाच अँपिअरच्या प्लगला १००, पंधरा अँपिअरच्या प्लगला १०००. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नाहीत आणि ८०० वॅटच्या वर नाही. ही बेरीज अण्णा पाकिटाच्या पाठीवर करत, आणि मग ती खोडून दुसरा आकडा लिहीत.

खोडण्याआधी ते प्रश्न विचारत. दुकान दुपारी एक ते चार बंद? डॉक्टर संध्याकाळी कितीला बसतात? पिठाची गिरणी कधी चालते? बाहेरचे लोक पुण्याच्या दुपारच्या झोपेची थट्टा करतात. अण्णांच्या लेखी ती झोप म्हणजे सर्व्हिसच्या केबलला मिळालेली तीन तासांची विश्रांती होती. सर्वात वाईट वेळ ते दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली संध्याकाळ धरत: साडीच्या दुकानात प्रत्येक ट्यूबलाइट लागलेली, दारावर माळा, आत गर्दी आणि सगळे पंखे पाचवर. जुन्या इमारतीत गेले की आधी किटकॅट फ्यूज उपसून बघायचे. पोर्सिलिन पिवळं पडलंय का, तारेच्या टोकाशी काळं झालंय का, आणि कुणी पाच अँपिअरच्या जागी दुहेरी तार तर गुंडाळली नाही ना. राइटची नळी त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांचं डिमांड मीटर ते किटकॅटच होतं.

मी धंद्यात आले तोवर कोष्टकं सर्रास झाली होती. वायरिंगच्या भारतीय मानकात, आयएस ७३२ मध्ये, डायव्हर्सिटीचं, म्हणजे सगळं एकदम चालत नाही या हिशेबाचं, कोष्टक आहे. लहान दुकानं-कचेऱ्यांसाठी दिव्यांचे ९० टक्के धरा. इतर उपकरणांत सर्वात मोठं पूर्ण आणि बाकीच्यांचे ७५ टक्के. मोटरींमध्ये सर्वात मोठी पूर्ण, दुसरीचे ८० टक्के, उरलेल्यांचे ६०. लिफ्टचा विचार वेगळा. ज्यांनी ब्रिटिश वायरिंगचे नियम वाचलेत त्यांना ही वळणं ओळखीची वाटतील. कोष्टक वाईट नाही. आपल्याला इमारतीचं काहीच माहीत नसेल तेव्हा ते जीव वाचवतं. पण त्यातले टक्के कुठल्या तरी रस्त्यावरच्या दुकानांच्या वेळा आहेत, हे विसरून चालत नाही. आणि सगळ्या बेरजेला डोळे मिटून ०.८ ने गुणणारे इंजिनिअर तर कोष्टकही उघडत नाहीत. त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही.

एक नमुना मांडते. सगळे दिवे-पंखे ८ किलोवॅट, १.८ किलोवॅटचे सहा एसी म्हणजे १०.८, खालची पिठाची गिरणी साडेसात एचपी म्हणजे ५.६, दातांच्या डॉक्टरांचा कंप्रेसर दीड, पाण्याचा पंप दीड, लिफ्ट ३.७, कॉम्प्युटर आणि प्लग ३. बेरीज ३४.१. कोष्टकाने गेलात तर सुमारे २९ येतात. आता वॉचमनला विचारा. पंप तो पहाटे लावतो. लिफ्ट अर्ध्या तासात मिनिटं मोजून चालते, तिचा सरासरी आकडा एक किलोवॅटच्या आत. गिरणीवाला संध्याकाळी सातपर्यंत दळतो, वरचा शिकवणीचा क्लास पाचला भरतो आणि आठला सुटतो. हिवाळ्यात संध्याकाळी सहाला दिवे पूर्ण, गिरणी चालू, एसी बंद: अठरा-एकोणीस. मे महिन्यात त्याच वेळी एसी जवळजवळ न थांबता चालतात आणि आकडा कोष्टकाच्या शेजारी जाऊन बसतो. सर्व्हिसची केबल मे महिना धरून टाकायची. पण गिरणी सातऐवजी पाचला थांबली तर पाच किलोवॅट सुटतात, आणि हे कुठल्याही कोष्टकात सापडत नाही. शिवाय गिरणीचं मीटर वेगळं, दुकानाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं. इन्सलची पंगत बसते ती खालच्या केबलवर. प्रत्येक मीटरला मात्र ज्याचं त्याचं पान पूर्ण दिसतं.

वेळा सरकवून मागणी खाली आणायचं तंत्र सरकारनेही वापरलं. औद्योगिक वसाहतींना आठवड्याच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या. पिंपरी-भोसरीकडे गुरुवारी शांतता असायची ती त्यामुळेच. २००६ मध्ये पुण्यात याच्याही पुढची गोष्ट झाली. कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, सुटलेली वीज शहराला मिळाली, आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलांत वाटला गेला.

लोडशेडिंगने आमच्या धंद्याला एक नवी गोष्ट शिकवली. चार तास वीज नसली की इमारतीतली सगळी डायव्हर्सिटी मोडते. वीज आली की प्रत्येक फ्रिज, प्रत्येक एसी आणि प्रत्येक दुकानाचा रिकामा इन्व्हर्टर एकाच क्षणी सुरू होतो. तेव्हाच्या कोष्टकांत इन्व्हर्टर नव्हता. पुष्कळ केबली आम्ही वीज आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी जाड टाकल्या, आणि गिऱ्हाइकाला त्याचं कारण पटवताना तोंड दुखलं.

आता मीटर डिजिटल आहेत. बटण दाबत गेलं की एम.डी., म्हणजे एका वेळच्या सर्वात मोठ्या मागणीचा आकडा, समोर येतो. महाराष्ट्रात व्यापारी कनेक्शनला २० किलोवॅटची रेषा महत्त्वाची: ती ओलांडली की स्थिर आकार एका कनेक्शनला एक असा न राहता केव्हीएवर लागतो, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या वर गेलात तर वरच्या केव्हीएला दीडपट. त्यामुळे माझ्याकडे अलीकडे येणाऱ्यांना आकडा मोठा नको असतो, बरोबर हवा असतो. दिव्यांचा भागही आता पार बसला आहे. चोकसकट पन्नासपेक्षा जास्त वॅट घेणारी ट्यूबलाइट गेली, वीस वॅटची एलईडी आली. तिने वाचवलेलं सगळं एसीने खाल्लं.

परवा कर्वे रोडच्या एका कामावर वायरमन विचारत होता, “ताई, पार्किंगमधल्या स्कूटरच्या चार्जिंगला किती टक्के धरू?” आठ प्लग. सकाळी दहाला सगळे येणार, गाडी लावणार आणि एकदमच प्लग घालणार. पुढे कुणी घरून चार्ज करून येईल, कुणी दुपारी खाली उतरून प्लग बदलेल, हळूहळू वेळा बसतील. अजून बसलेल्या नाहीत. मी त्याला शंभर टक्के धरायला सांगितलं, आणि वॉचमनला एक वही दिली: कोण किती वाजता प्लग घालतो ते लिहायला.