विजेच्या गिटारीचा कान

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी एक अडचण घेऊन घरीं आला. त्याच्यापाशीं फेंडर पद्धतीची विजेची गिटार आहे. चार-पांच वर्षें तो ती वाजवीत आला आहे. आतां त्याला दुसरें वाद्य घ्यावयाचें होतें, आणि पैशांची भर पडावी म्हणून पहिलें विकून टाकावें असा त्याचा बेत होता. मनांत भरलेलें वाद्य गिब्सन पद्धतीचें, किंमत जवळजवळ दुप्पट. "सर, तिच्यांत घरघर नाहीं," हें त्याचें मुख्य कारण. पदार्थविज्ञान शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला हें कारण पटावयास हरकत नव्हती. तथापि ही घरघर आली कोठून, ती कोणीं घालविली, आणि घालवितांना तिच्यासंगतीं आणखी काय गेलें, एवढें पाहिल्यावांचून विक्रीची घाई करूं नये असें मला वाटलें. पुढील मजकूर हा बव्हंशीं त्या सायंकाळच्या बोलण्याचाच विस्तार आहे.

मूळ अडचण आवाजाची होती. लांकडी पोटाची गिटार लहानशा बैठकींत गोड वाजते. पण पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत नाचघरें मोठीं झालीं, वाद्यवृंदांत पितळी वाद्यांचा भरणा झाला, आणि त्या कल्लोळांत गिटारवाला नुसता हात हालवितांना दिसे, ऐकूं येत नसे. या अडचणीनें सर्वांत अधिक पछाडलेले लोक म्हणजे हवाई बेटांच्या रीतीनें मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरविणारे वादक. जॉर्ज बीचम हा त्यांच्यापैकींच एक. लॉस एंजेलिस येथें अडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्यानें त्यानें ॲल्युमिनियमची, तव्याला लांब दांडा बसवावा तशा आकाराची एक गिटार तयार केली. ती १९३२ सालीं बाजारांत आली, आणि तिच्या पेटंटाला मंजुरी मिळावयास १९३७ साल उजाडलें. मांडीवरची ही गिटार हिंदुस्थानालाही परकी नाहीं. व्हॅन शिप्लेनें तिच्यावर चित्रपटगीतें वाजवून तिला घरोघर नेलें, ब्रिजभूषण काब्रांनीं तिच्यावर राग मांडले; १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत संतूर आणि बांसरी यांच्या जोडीला तीच आहे.

बीचमच्या त्या तव्याला आवाज वाढविणारें पोट नव्हतें. त्याला होता तो एक कान. हा कान म्हणजेच पिकप. त्याची रचना इतकी साधी आहे कीं वर्गांत ती दहा मिनिटांत सांगून होते. तारांपाशीं एक कायमचा चुंबक असतो. त्याच्याभोंवतीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें पोलादी तारेंतही चुंबकत्व येतें. ती तार कंप पावली कीं वेटोळ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि १८३१ सालीं फॅरेडेनें दाखवून दिल्याप्रमाणें वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तोच शतपट करून कर्ण्याकडे धाडतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा कान हवेंतील नाद ऐकत नाहीं. तारेची हालचाल, आणि तीही आपल्या माथ्यावरच्या तेवढ्याच जागेची, ऐकतो. म्हणून तो घोडीजवळ बसविला तर स्वर धारदार व चिरका, मानेजवळ बसविला तर भरीव व गोल. लांकडाचा परिणाम अगदींच नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. पण दुकानदार लांकडाविषयीं जितका वेळ बोलतो तितका तो खास नव्हे.

आणि घरघर? ती या कानाची जन्मखोड आहे. हजारों वेढ्यांचें वेटोळें तारेची हालचाल जसें टिपतें, तसेंच भोंवतालच्या दिव्यांची व रोहित्रांची कंपनेंही टिपतें. घरांतली वीज अमेरिकेंत सेकंदाला ६० व आपल्याकडे ५० आवर्तनें पुरीं करते. तीच खालच्या सुरांतली घरघर होऊन कर्ण्यांतून बाहेर पडते.

आरंभीं कोणीं तिची फारशी पर्वा केली नाहीं. कॅलामाझूच्या गिब्सन कंपनीनें १९३६ सालीं ईएस-१५० ही पोकळ पोटाची गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन हा १९३९ सालीं तीच घेऊन बेनी गुडमनच्या मेळ्यांत शिरला आणि गिटारीला त्यानें सॅक्सोफोनच्या पंक्तीला नेऊन बसविलें. १९४२ सालीं, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो वारला. पोकळ पोटाचा दोष असा कीं कर्ण्याचा आवाज मोठा झाला म्हणजे पोटच घुमूं लागतें आणि वाद्य शिट्टी घालतें. त्यावर तोडगा म्हणून लेस पॉलनें १९४० च्या सुमारास चौकोनी लांकडाच्या ओंडक्यावर तारा ताणून त्याच्या दोन्ही अंगांस गिटारीचे पंख चिकटविले. गिब्सनच्या मंडळींनीं त्या वेळीं त्याची वासलात लावली. पण फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या, स्वतः गिटार वाजवितां न येणाऱ्या लिओ फेंडरनें १९५० सालीं भरीव लांकडाची गिटार विक्रीस काढली, तेव्हां त्यांचे डोळे उघडले, आणि १९५२ सालीं त्याच लेस पॉलच्या नांवानें त्यांची भरीव गिटार निघाली. दोहोंतही कान एकाच वेटोळ्याचा, व दोहोंतही घरघर.

ती घालविली सेथ लव्हरनें. हा गिब्सनचा नोकर, मूळचा रेडिओचा माणूस. त्याची युक्ति अशी: एकाऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेवावयाचीं, एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट जोडावयाचे, आणि चुंबकाचीं टोंकेंही उलट ठेवावयाचीं. बाहेरची घरघर चुंबकाला ओळखत नाहीं. ती दोहोंत उलटसुलट येते आणि बेरजेंत शून्य होते. तारेचा नाद मात्र दोनदां उलटून सरळ होतो आणि दुणावतो. याचा पेटंट-अर्ज १९५५ सालचा, मंजुरी १९५९ सालची. वाद्यावर तो १९५७ सालीं आला. त्याच सुमारास रे बट्स यानेंही ग्रेच कंपनीसाठीं स्वतंत्रपणें हेंच साधलें होतें, हेंही नमूद केलें पाहिजे. लव्हरनें वर झांकण घातलें तें जर्मन सिल्व्हरचें. आपल्या आजीच्या फडताळांतली ही धातु त्यानें शोभेसाठीं निवडली नव्हती. तिला चुंबक ओढीत नाहीं आणि ती विजेची वाहक बेताचीच, म्हणून वरचे स्वर तिच्यांत कमी मुरतात.

इंजिनिअराच्या न्यायानें एकेरी कानाची कथा येथेंच संपावयास हवी होती. ती संपली नाहीं, आणि या साऱ्या इतिहासांत मला महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. दोन वेटोळीं एकापुढें एक जोडलीं कीं त्यांचा विद्युत्-जडपणा वाढतो आणि कानाची तीक्ष्णता खालच्या स्वरांकडे सरकते. शिवाय दोन वेटोळीं तारेच्या दोन निराळ्या जागा ऐकतात, त्यामुळें वरचे कांहीं उपस्वर एकमेकांस खाऊन टाकतात. घरघर गेली, पण तिच्यासंगतीं कांचेसारखी एक लकाकीही गेली. तिच्या जागीं जाडी आली, मऊपणा आला, ध्वनिवर्धकाला ढकलून आवाज फाटावयास लावणारें बळ आलें. हें नफ्याचें झालें कीं तोट्याचें, याचा निवाडा कोणाही कारखानदाराला करितां आला नाहीं. फेंडरनें १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर तीन एकेरी कान ठेवले, आणि एका वेळीं एकच लागावा असें तीन खांचांचें बटन दिलें. वादकांनीं तें दोन खांचांच्या मध्येंच अडकवून दोन कान एकदम चालू केले आणि एक नवाच स्वर मिळविला. पांच खांचांचें बटन कंपनीनें दिलें तें १९७७ सालीं! शोधकाच्या मनांत नसलेले गुण वादकानें हुडकून काढावे, हें येथें वारंवार घडलें आहे.

आतां जुन्या वाद्यांच्या वेडाविषयीं दोन शब्द. १९५८ ते १९६० या काळांतल्या सूर्यास्ताच्या रंगाच्या लेस पॉल गिटारी त्या वेळीं खपल्या नाहींत. कंपनीनें त्यांची घडणच बंद केली. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टननें जॉन मेयॉलच्या मेळ्यांत तसली एक वाजविली, तशी त्यांची मागणी भडकली; १९६८ सालीं कंपनीला लेस पॉल पुन्हां काढावी लागली. आज त्या जुन्या वाद्यांना लाखों डॉलर पडतात. त्यांच्या पिकपांचें गूढ काय? वेढे देणाऱ्या यंत्रांवर वेढे नेमके मोजले जात नसत, आणि चुंबक ज्या प्रतीचा हातीं येई तो बसविला जाई. अर्थात् एकाच वर्षाचे दोन पिकप एकसारखे नाहींत. त्यांच्या पाठीवर 'पेटंट-अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असे. पुढें पेटंटाचा क्रमांक छापूं लागले तो भलत्याच पेटंटाचा, लेस पॉलच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता. हें सारें मोहक आहे, पण नेमकेपणाच्या अभावाला दैवी कृपा मानून तिच्यासाठीं घरदार गहाण टाकणें मला मान्य नाहीं. १९७२ पासून पिकप सुटे मिळूं लागले आहेत. वाद्य तेंच ठेवून कान तेवढा बदलावा, हा मार्ग गरिबालाही खुला आहे.

विद्यार्थ्याला मीं एवढेंच सुचविलें कीं तुलना करावयाची तर ध्वनिवर्धक एकच हवा, आणि दोन्ही वाद्यांचा आवाज सारखा मोठा हवा. कारण जो मोठा तोच चांगला, असें आपला कान फार लवकर ठरवितो. पिकपचे स्क्रूही तपासावे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर सरकला कीं जवारी उघडते किंवा मिटते; येथेंही कान तारेच्या जवळ आणला तर स्वर दांडगा होतो, पण फार जवळ आणला तर चुंबकच तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. फेंडरची तार साडेपंचवीस इंचांची, गिब्सनची सुमारें पावणेपंचवीस. तेंही बोटांना कळतें.

पुढच्या रविवारीं आम्ही दोघे एका दुकानांत गेलों. त्यानें बरोबर एका मित्राला नेलें होतें. तो वाजवी, आणि हा भिंतीकडे तोंड करून ऐके. एकेरी कान कोणता व दुहेरी कोणता, हें त्यानें दर वेळीं बिनचूक सांगितलें. दुहेरी कानाच्याच दोन गिटारींपैकीं महाग कोणती, हें मात्र त्याला आठांपैकीं चारच वेळां साधलें. त्यानें स्वस्त घेतली, आणि पहिली विकली नाहीं. तिची घरघर अर्थात् आहेच. ट्यूबलाइटच्या चोकपासून दोन हात दूर बसून गिटारीचें तोंड थोडें वळविलें कीं ती पुष्कळ उतरते, हें त्याला त्याच दुकानांत, दिवे मोजतां मोजतां कळलें.